नवा दाणा, रिप्रो दाणा आणि त्यांचे भाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साच्यातून प्लास्टिकच्या वस्तू काढणाऱ्या भोसरीतल्या एका मोल्डिंग कारखान्याची दाणाखरेदी, म्हणजे कच्च्या प्लास्टिकच्या दाण्यांची खरेदी, मी बरीच वर्षे सांभाळली आणि तेव्हापासून भावाविषयी येणारे प्रश्न थांबलेले नाहीत. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. आजचा भाव या पानावर मिळणार नाही, कारण तो पंधरवड्यात शिळा होतो. भाव का हलतो, एवढेच येथे सांगितले आहे. उदाहरणांतील रुपये हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.

१. व्हर्जिन दाणा आणि रिप्रो दाणा यांत नेमका फरक काय? रिसायकल म्हटले की सगळा माल सारखाच का?

कच्च्या तेलातून निघणारा नाफ्था किंवा इथेन, प्रोपेन हे वायू यांपासून पेट्रोकेमिकल कारखान्यात पहिल्यांदाच तयार होतो तो व्हर्जिन दाणा. आपल्याकडे नागोठणे, हजिरा, जामनगर, दहेज, पानिपत, हल्दिया अशा ठिकाणांहून तो पंचवीस किलोच्या गोणीत येतो आणि गोणीवर ग्रेड छापलेली असते. एकदा वस्तू होऊन गेलेले प्लास्टिक दळून, धुऊन, वितळवून पुन्हा दाण्यात आणले की तो रिप्रो झाला.

रिप्रोमध्ये मात्र निदान तीन दर्जे वेगळे धरावे लागतात. कारखान्यातच उरलेल्या रनर (साच्यातल्या वाटेत गोठलेले प्लास्टिक), लम्प्स (मशीनमधून निघालेले गोळे) आणि नापास मालाचा दाणा सर्वांत वरचा, कारण त्या मालाचा इतिहास माहीत असतो. त्याखाली एकाच प्रकारच्या वापरलेल्या वस्तूंचा, उदाहरणार्थ केवळ दुधाच्या पिशव्यांचा किंवा ज्याला भंगारात फुगा म्हणतात त्या ब्लो मोल्डिंगच्या डब्या-बाटल्यांचा दाणा येतो. सर्वांत खाली मिश्र रंगाचा, बहुधा काळा करून विकला जाणारा माल. ‘रिप्रोचा भाव काय’ असे कोणी विचारले तर पहिला उलटप्रश्न ‘कशाचा रिप्रो’ हाच असायला हवा.

२. कंपन्या व्हर्जिन दाण्याचा भाव कसा ठरवतात?

देशी उत्पादक आपला भाव खर्चावरून मांडत नाहीत, आयातीवरून मांडतात. परदेशातून तोच दाणा बंदरात उतरवायला डॉलरमध्ये काय पडेल, त्यावर सीमाशुल्क, बंदराचा खर्च आणि रुपयाचा दर लावला की जो आकडा येतो, त्याच्या आसपास देशी भावपत्रक बसते. त्यामुळे तेल स्थिर असतानाही रुपया घसरला की दाणा महागतो आणि माल दहेजचा असला तरी त्याच्या भावात सिंगापूर, शांघाय आणि आखाती देशांतल्या घडामोडी मिसळलेल्या असतात.

छापील भाव आणि हातात पडणारा भाव यांतही अंतर असते. रोखीची सूट, वर्षभराच्या कराराची सूट, ठरावीक टनांवरची सूट आणि गोदामापासूनचे भाडे हे सगळे जमेस धरून मोठा खरेदीदार आणि महिन्याला दोन टन घेणारा मोल्डर यांच्यात किलोमागे काही रुपयांचा फरक सहज पडतो. याविषयी लहान कारखानदारांची कुरकुर रास्त आहे, पण त्यावर एकत्र खरेदी करण्यापलीकडे चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही.

३. कच्चे तेल पडले तरी दाणा का उतरत नाही?

तेल आणि दाणा यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत. तेलापासून नाफ्था, नाफ्थापासून इथिलीन-प्रोपिलीन आणि त्यांपासून पॉलिमर, म्हणजे आपला दाणा, अशी ही साखळी असून प्रत्येक पायरीवर मागणी-पुरवठ्याचे स्वतंत्र गणित चालते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाचे वादळ आले, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरचे बहुतेक पॉलिमर कारखाने एकाच वेळी बंद पडले आणि तेल मध्यम भावात असतानाही पीई (पिशव्यांचे पॉलिथीन), पीपी (बादल्या-डब्यांचे पॉलिप्रोपिलीन), पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) यांचे भाव अनेक देशांत उच्चांकाला गेले. उलट, कारखान्यांची क्षमता मागणीपेक्षा जास्त झाली की तेल चढूनही दाणा चढत नाही, आणि उत्पादकाचा नफा तेवढा आटतो. ही दुसरी अवस्था का आली, ते प्रश्न ८ मध्ये पाहा.

४. मग रिप्रोचा भाव कशावर ठरतो?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. रिप्रोला वरून आणि खालून असा दोन्हीकडून दाब असतो. वरचा दाब व्हर्जिनचा: साध्या वापरात व्हर्जिनपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त असल्याशिवाय रिप्रो कोणी घेत नाही. खालचा दाब भंगाराचा: कचरावेचक, भंगारवाला, गोडाऊनवाला, दळणारा आणि दाणा पाडणारा अशा चार-पाच हातांना आपापली मजुरी सुटल्याशिवाय माल पुढे सरकत नाही.

समजा, मळक्या फिल्मचा भंगारभाव किलोला ४० रुपये आहे आणि माती, पाणी, लेबले जाऊन शंभर किलोंतून सत्तर किलो दाणा पडतो. म्हणजे एक किलो दाण्यात ५७ रुपयांचे भंगारच गेले. धुलाई, वीज, वितळलेला माल गाळणाऱ्या जाळ्या, मजुरी यांचे २० रुपये मिळवले की ७७ झाले, आणि नफा अजून धरलेलाच नाही. आता व्हर्जिनबरोबर रिप्रोही किलोमागे दहा रुपयांनी उतरला, तर तोच हिशेब टिकवण्यासाठी भंगार सात रुपयांनी उतरवावे लागेल. तेवढे उतरवले की पिशव्या वेचणारी बाई पिशव्या सोडून पुठ्ठा आणि बाटल्या उचलते, कारण पोत्याला मर्यादा असते आणि पाठीलाही. पुण्यात किंवा धारावीतल्या तेरा कंपाउंड या भंगारवस्तीत, कुठेही हे गणित वेगळे नाही.

यातून एक गोष्ट निघते: रिप्रोला एक तळ असतो, ज्याखाली माल यायचाच बंद होतो. व्हर्जिनला तसा तळ नाही. क्रॅकर (नाफ्था किंवा वायू फोडून इथिलीन-प्रोपिलीन काढणारा कारखाना) बंद करून पुन्हा चालू करणे इतके खर्चाचे असते की कंपनी कित्येक महिने तोट्यातही दाणा ओतत राहते. व्हर्जिन या तळाजवळ आला की रिप्रोवाल्याची भट्टी आधी विझते.

५. रिप्रो किलोमागे वीस रुपयांनी स्वस्त असतानाही शेजारचा कारखानदार व्हर्जिन का घेतो?

कारण तो किलोचा नव्हे, तयार नगाचा हिशेब करतो. समजा, व्हर्जिन १०० रुपये आणि त्यात शंभरांत दोन नग नापास. रिप्रो ८० रुपये, पण ताकद राखण्यासाठी नगाचे वजन पाच टक्क्यांनी वाढवावे लागते आणि शंभरांत आठ नग नापास होतात. मूळ एक किलोच्या चांगल्या नगाला व्हर्जिनमध्ये सुमारे १०२ रुपये आणि रिप्रोमध्ये सुमारे ९१ रुपये माल लागला. वीस रुपयांचे अंतर अकरावर आले. नापास नग दळून पुन्हा वापरले तर थोडे परत मिळते, पण मशीनचा गेलेला वेळ, अडकलेली जाळी आणि ग्राहकाची परत आलेली खेप त्याहून जास्त खाऊन जातात.

आता व्हर्जिन ९० वर आला आणि रिप्रो ८० वरच राहिला असे धरा. कागदावर रिप्रो अजून दहा रुपयांनी स्वस्त आहे, परंतु नगाचा खर्च दोन्हीकडे जवळजवळ ९१-९२ रुपये झाला. म्हणून दोन्ही भाव समान होण्याच्या खूप आधी रिप्रोची मागणी नाहीशी होते. ‘अजून स्वस्त आहे, तरी उठाव का नाही?’ असे दाणेवाले विचारतात, त्याचे उत्तर या गणितात आहे.

६. असे असेल तर बाटलीचा रिसायकल पेट (पाणी-शीतपेयांच्या बाटल्यांचे प्लास्टिक) नव्या पेटपेक्षा महाग कसा?

हा नियमाला अपवाद आहे आणि तो कायद्याने घडवलेला आहे. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने पेटच्या पेय-बाटल्यांत २०२५ पासून २५ टक्के आणि २०३० पासून सर्व प्लास्टिकच्या पेय-बाटल्यांत ३० टक्के रिसायकल अंश सक्तीचा केला. ब्रिटनने १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांपेक्षा कमी रिसायकल अंश असलेल्या प्लास्टिक पॅकेजिंगवर टनाला २०० पौंड कर लावला, आणि तो पुढे वाढतच गेला. सक्ती आली की खरेदीदार ‘व्हर्जिनपेक्षा किती स्वस्त’ हे विचारायचे सोडून ‘मिळेल का’ हे विचारू लागतो.

पुरवठा मात्र अरुंद असतो. खाद्यपदार्थांना लागणारा पेट हवा तर बाटली पारदर्शक, वेगळी काढलेली, पीव्हीसीचा लवलेश नसलेली हवी. पेट आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीत ते वेगळे होत नाहीत, आणि वितळताना पीव्हीसीतून सुटणारे आम्ल पेटची वाट लावते. शिवाय त्याच बाटलीवर पॉलिएस्टर तंतूवाल्यांचाही डोळा असतो. भारतात वापरलेल्या बाटल्यांचा मोठा वाटा आजवर तंतूकडे, म्हणजे उशा, गाद्या आणि कापडाकडे गेलेला आहे. बाटलीवाला आणि तंतूवाला एकाच गठ्ठ्यावर बोली लावू लागले की फ्लेक्सचा, म्हणजे दळलेल्या बाटल्यांच्या तुकड्यांचा, भाव नव्या पेटची पर्वा करत नाही.

७. आपल्याकडच्या ईपीआर नियमांमुळे (पॅकेजिंगच्या कचऱ्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यावर टाकणारे नियम) रिप्रोची मागणी खरेच वाढली का?

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांच्या फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने प्लास्टिक पॅकेजिंगचे वर्ग पाडून रिसायकल अंशाचे टप्पे घालून दिले. कडक पॅकेजिंगला २०२५-२६ साठी ३० टक्के, आणि दरवर्षी दहा-दहाने वाढत २०२८-२९ मध्ये ६० टक्के. लवचीक पॅकेजिंगला १० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत. प्लास्टिकशिवाय दुसऱ्या पदार्थाचा थर असलेल्या बहुस्तरीय पॅकेजिंगला ५ पासून १० टक्के.

मागणी वाढली, पण सरसकट नाही. ज्याला चांगल्या रंगाचा, वास नसलेला, मागोवा घेता येईल असा दाणा देता येतो, त्याच्याकडे शाम्पू-डिटर्जंटच्या बाटल्या करणाऱ्यांची रांग लागली. बादल्या, कुंड्या आणि काळ्या पाइपांना जाणाऱ्या मालाला मात्र जुनाच बाजार उरला. माझ्या मते रिप्रोचा एक बाजार आता राहिलेला नाही. वरचा बाजार कायद्याच्या बळावर चालतो आणि खालचा प्रश्न ४ मधल्या गणितावर.

८. चीनचे नाव प्रत्येक वेळी का निघते?

दोन वेगळ्या कारणांनी, आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. पहिले भंगाराचे. जगाचे प्लास्टिक भंगार वर्षानुवर्षे चीन घेत होता. जानेवारी २०१८ पासून त्याने घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद केली आणि तो माल आग्नेय आशियाकडे व आपल्याकडे वळला. भारतानेही २०१९ मध्ये भंगार आयातीची वाट जवळपास बंद केली आणि २०२१ पासून कचऱ्याच्या देशोदेशींच्या व्यापारावरील बाझल करारातील दुरुस्तीने मळक्या, मिश्र कचऱ्याचा व्यापार जगभर अवघड केला.

दुसरे कारण नव्या दाण्याचे. चीनने गेल्या काही वर्षांत क्रॅकर, कोळशापासून ओलेफिन (इथिलीन, प्रोपिलीन) करणारे आणि प्रोपेनपासून प्रोपिलीन करणारे कारखाने इतक्या वेगाने उभे केले की जो देश सर्वांत मोठा आयातदार होता, तो अनेक ग्रेडमध्ये निर्यात करू लागला. जगाचा व्हर्जिन स्वस्त राहण्यामागे हे मोठे कारण आहे. युरोपातले क्रॅकर आणि रिसायकलचे कारखाने दोन्ही एकाच काळात बंद होऊ लागले, ते याच दाबाखाली.

९. पीव्हीसीचा भाव इतरांपेक्षा वेगळा का चालतो?

पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असते आणि ते मिठापासून येते. त्यामुळे तेलाशी त्याचे नाते सैल आहे. चीनमध्ये बरेचसे पीव्हीसी कोळशापासून बनणाऱ्या कार्बाइडच्या मार्गाने होते. २०२१ च्या शरद ऋतूत तेथे विजेची टंचाई झाली, कार्बाइडच्या भट्ट्यांवर बंधने आली आणि आपल्या पाइपवाल्यांना त्याची झळ लगेच बसली. रत्नागिरीजवळ रनपार येथे मोठा पीव्हीसी कारखाना असला तरी देशाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग आयातीने भागतो, म्हणून हा बाजार सीमाशुल्काच्या नुसत्या चर्चेनेही हलतो.

१०. वर्षातल्या कोणत्या महिन्यांत काय घडते?

उन्हाळ्याआधी पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांसाठी पेट उचलला जातो. पाइप, ठिबक आणि मल्चिंगची मागणी शेतीच्या वेळापत्रकावर चालते, म्हणून जूनमध्ये पाऊस लागला की पाइपवाल्यांची खरेदी मंदावते आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा वर येते. सणांपूर्वी पॅकेजिंग फिल्मचाही उठाव वाढतो. रिप्रोत मात्र पावसाळा उलट्या बाजूनेही काम करतो. भंगार ओले येते, वाळवायला ऊन नसते, गोळा करणाऱ्यांचे दिवस बुडतात, आणि मागणी मंद असूनही चांगल्या रिप्रोची टंचाई होते. जळगावच्या चटईवाल्यांना हे सांगावे लागत नाही. ते पावसाआधीच गोदाम भरतात.

११. भाव चढणार असे दिसले तर साठा करावा का?

दोन-तीन आठवड्यांच्या गरजेपलीकडे व्हर्जिनचा साठा करणे हा मोल्डरचा धंदा नव्हे. भाव उतरला तर काही कंपन्या ठरावीक मुदतीतील खरेदीवर भावसंरक्षण म्हणून फरक परत देतात, पण ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. रिप्रोत असे संरक्षण नसते, आणि गोणीगणिक मालही बदलतो.

१२. रिप्रो दाणा घेताना फसगत कशी टाळावी?

एकदा मीही फसलो आहे. एका व्यापाऱ्याकडून घेतलेला पांढरा पीपी रिप्रो दिसायला देखणा आणि भावाला स्वस्त होता. त्याच्या बादल्या ग्राहकाच्या हातात कड्याजवळ तडकू लागल्या, तेव्हा कळले की त्यात खडूची पूड भरपूर भरलेली होती. तेव्हापासून काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात मूठभर दाणे सोडल्याशिवाय मी गोणी उतरवून घेतली नाही. पीपी आणि पीई पाण्याहून हलके असल्यामुळे तरंगायला हवेत. दाण्यावरचे हवेचे बुडबुडे फसवतात, म्हणून थेंबभर साबण घालून ढवळावे. बुडाले तर भेसळ किंवा भराव आहे, आणि तुम्ही प्लास्टिकच्या भावाने खडू विकत घेत आहात. खडू जड असल्याने त्याच वजनात नगही कमी निघतात, हे नुकसान वेगळेच.

दाणा पेटवून विझवला की पीई-पीपीला मेणबत्तीसारखा वास येतो. डोळ्यांना झोंबणारा तिखट धूर आला तर पीव्हीसीची शंका घ्यावी, आणि ही चाचणी मोकळ्या हवेतच करावी. गोणीत हात घालून दमटपणा पाहावा, कारण ओल्या दाण्याने नगावर चंदेरी रेघा उमटतात. मेल्ट फ्लोचा, म्हणजे वितळलेला दाणा किती सहज वाहतो त्याचा, आकडा प्रत्येक लॉटचा मागावा. गेल्या वर्षीचा कागद दाखवणाऱ्याला नम्रपणे परत पाठवावे.

१३. जीएसटीचा भावावर काय परिणाम झाला?

प्लास्टिक भंगारावरचा कर १ ऑक्टोबर २०२१ पासून ५ वरून १८ टक्के झाला. साखळीची सुरुवात नोंदणी नसलेल्या हातांतून होते, त्यामुळे कर भरून माल घेणारा पुनर्प्रक्रियाकार आणि बिलाशिवाय घेणारा शेजारी यांच्यातील अंतर वाढले. वस्तुस्थिती अशी आहे की बिलाचा रिप्रो आणि बिनबिलाचा रिप्रो असे दोन भाव बाजारात चालतात, आणि ईपीआरच्या हिशेबात फक्त पहिलाच उपयोगी पडतो.

१४. ईपीआर प्रमाणपत्र विकून मिळणारे पैसे रिप्रोच्या भावात धरावेत का?

पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकवर मिळणारी ही प्रमाणपत्रे सक्ती असलेल्या कंपन्या विकत घेतात. ते पैसे धरावेत, पण जपून. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत मोजक्या पुनर्प्रक्रियाकारांनी काही लाख बनावट प्रमाणपत्रे काढल्याचे आढळले. प्रत्यक्षात न दळलेल्या प्लास्टिकचे प्रमाणपत्र स्वस्तात मिळू लागले की खरे दळणाऱ्याची ती कमाई बुडते. म्हणून या पैशांवर नवी वॉशिंग लाइन कर्जाने घेऊ नये.

१५. चिप्सच्या पाकिटांना भंगारात भाव का नाही?

त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, वजन नगण्य असते आणि वेगळे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक होतो. बहुतेक पाकिटे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, तीही कोणी वाहतुकीचे पैसे दिले तरच.

१६. अन्नाच्या डब्यासाठी रिसायकल दाणा वापरता येत नाही. मग आमच्यावर टक्केवारीची सक्ती कशी?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्नासाठी रिसायकल प्लास्टिकला मनाई केली होती. पुढे दरवाजा उघडला तो मुख्यतः ठरावीक प्रक्रियेतून गेलेल्या रिसायकल पेटपुरता. पीपीच्या डब्याला ती वाट आपोआप लागू होत नाही. जेथे कायद्यामुळेच रिसायकल अंश घालता येत नाही तेथे केंद्रीय मंडळ प्रकरणागणिक सूट देऊ शकते; मात्र त्या बदल्यात ज्यांनी आपल्या सक्तीहून अधिक रिसायकल अंश वापरला त्यांच्याकडून प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांत मोडणाऱ्या ब्रँडमालकांना या चौकटीबाहेर ठेवलेले आहे, परंतु तुम्ही मोठ्या ब्रँडसाठी डबे करत असाल तर त्याची सक्ती खरेदी-आदेशातून तुमच्या दारात येतेच.

१७. रिसायकल वाढले तर नव्या दाण्याचा भाव पडेल का?

नजीकच्या काळात नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४६ कोटी टन प्लास्टिक वापरले गेले. त्यात रिसायकल दाण्याचा वाटा जेमतेम ६ टक्के होता आणि त्या वर्षीच्या कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्केच शेवटी रिसायकल झाला. एवढ्या वाट्याने मोठ्या बाजाराचा भाव ठरत नाही. उलटा परिणाम मात्र नक्की दिसतो: एप्रिल २०२० मध्ये तेल कोसळले तेव्हा नवा पेट रिसायकल पेटहून स्वस्त झाला आणि ज्यांच्यावर सक्ती नव्हती असे खरेदीदार नव्याकडे परतले.